वाघ जगावा, पण कोणाच्या जिवावर?

'वाघ वाचवा' असे म्हटले की आपल्या वर्गात सगळे एकमुखाने हो म्हणतील. मीही म्हणेन. पण माझे गाव पांढरकवड्याच्या बाजूला, रानाला लागून आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की बाबांबरोबर रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जावे लागते. कारण पंपाला वीज बहुधा रात्रीच मिळते. हातात बॅटरी आणि काठी, मनात मात्र वाघ! अशा वेळी ते दोन शब्द तितके सोपे राहत नाहीत.

राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ वाघिणीवर आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. शहरांतील लोकांनी 'अवनी' म्हणून तिच्यासाठी अश्रू ढाळले. इकडे फटाके फुटले. तिच्या दोन बछड्यांसाठी हळहळणाऱ्यांना मेलेल्या गुराख्यांची नावे ठाऊक नव्हती. आणि फटाके उडविणाऱ्या आम्हांलाही, वाघीण शेतांपर्यंत का आली, हा प्रश्न पडला नव्हता.

उत्तर फार अवघड नाही. आपले टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. बछडे मोठे झाले की त्यांना स्वतःचा मुलूख हवा असतो. तिथलाच एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि शेते, रस्ते, नाले ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाचा जीव घेतला नाही. म्हणजे प्रत्येक वाघ नरभक्षक नसतो. त्याला वाट आणि जागा हवी असते.

मग वाघ हवाच कशाला? रोही आणि रानडुकरे यांनी पिके कशी फस्त होतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. वाघ असला म्हणजे ती येणारच नाहीत असे नाही. पण त्यांच्यावर वचक ठेवणारा निसर्गाचा जागल्या तोच आहे. शिवाय वाघासाठी राखलेले रान पावसाचे पाणीही धरून ठेवते. या कोरडवाहू जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे.

१९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या विदर्भाचे मेळघाट होते. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ३६८२ वर गेला, महाराष्ट्रात ४४४. हे यश खरे आहे. पण या यशाची किंमत गुराखी, सरपणाला जाणारी बाई आणि रात्री पाणी देणारा शेतकरी मोजीत आहेत. वाघ साऱ्या देशाचा असेल, तर त्याचा भार एकट्या रानालगतच्या गावाने का वाहावा?

माझे म्हणणे एवढेच : रानाकाठच्या गावांना दिवसा वीज द्या, मारलेल्या जनावराची भरपाई वेळेवर द्या, चुलीसाठी रानात जावे लागणार नाही अशी सोय करा आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणारी वाट मोकळी ठेवा. वाघ वाचविण्याचे काम येथूनच सुरू होते.

गेल्या दिवाळीत बांधावर बसून मी बाबांना विचारले, "वाघ नकोच का आपल्याला?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "राहू दे ना बापा तो त्याच्या रानात. आपल्याले दिवसा लाइन भेटली म्हंजे झालं."