खानदेशात व्यवसायोपचाराचे शासकीय शिक्षण सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जळगाव व धुळे.

विषय : चिंचोली (जळगाव) येथील वैद्यकीय संकुलात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) महाविद्यालय मंजूर करणेबाबत.

महोदय,

आम्ही जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थी, पालक आणि दिव्यांगांचे कुटुंबीय उपरोक्त विषयास अनुसरून हे निवेदन सादर करीत आहोत.

पक्षाघातातून वाचलेल्या माणसाला सदरा घालताना बाही आधी अधू हातात चढवायची आणि मग चांगल्या हातात, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ शिकवतो. कडबाकुट्टीत बोटे गमावलेल्या शेतकऱ्याला उरलेल्या बोटांनी विळा धरता यावा म्हणून तो स्प्लिंट बनवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला जाड पकडीची पेन्सिल देऊन लिहिते करतो. फिजिओथेरपी ही व्यवसायोपचाराची जवळची शाखा असली तरी तिने हे काम भरून निघत नाही.

हे शिक्षण देशात प्रथम महाराष्ट्राने दिले. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिले विद्यालय सुरू केले. आजही शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांतील ही पदवी मुंबई किंवा नागपूरलाच मिळते. जळगाव या दोन्ही शहरांपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. बारावी विज्ञान व ‘नीट’ देऊनही चार वर्षांहून अधिक काळ शहरात राहण्याचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि सातपुड्यातील आदिवासी कुटुंबांच्या आवाक्यात नसतो. मुलींच्या बाबतीत तर घरातच नकार येतो.

शिवाय हा उपचार रुग्णाच्या घरातल्या कामांवर उभा असतो. अहिराणी किंवा पावरी बोलणारी, इथला चुलीपुढचा आणि शेतातला दिवस ठाऊक असलेली मुले इथेच घडली, तर ती इथेच सेवा देतील.

आमच्या मागण्या :

१. चिंचोली संकुलात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न शासकीय व्यवसायोपचार महाविद्यालय मंजूर करावे.

२. तोपर्यंत जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे स्वतंत्र व्यवसायोपचार विभाग सुरू करून पदे भरावीत. आंतरवासितेच्या विद्यार्थ्यांना तेथे विद्यावेतन व निवास द्यावा.

३. मुंबई-नागपुरात शिकणाऱ्या खानदेशातील गरजू विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, वसतिगृह व निर्वाह भत्ता द्यावा.

४. दोन्ही जिल्ह्यांतील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमावेत.

५. कनिष्ठ महाविद्यालयांत या अभ्यासक्रमाची व प्रवेशप्रक्रियेची माहिती मराठीतून द्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने पुनर्वसनाची आणि त्यासाठी मनुष्यबळ घडविण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. या मागण्यांना त्याच कायद्याचा आधार आहे. येत्या अर्थसंकल्पात पहिल्या दोन मागण्यांसाठी तरतूद करून झालेला निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थी, पालक व दिव्यांगांचे कुटुंबीय

प्रत माहितीस्तव : मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.