आठ हजारांची पँट आणि अब्बांची लुंगी

"मामू, ही बघा. गुडघ्यापाशी चेन आहे, काढली की हाफ पँट होते." भाचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभा होता. मित्रांबरोबर मोटारसायकलवर मनालीमार्गे लेहला जायचं ठरलंय. पँट आठ हजारांची. माझं मत विचारत होता, कारण पैसेही माझ्याकडूनच उसने घ्यायचे होते.

मी विचारलं, "चेन बिघडली तर?"

"नवी घ्यायची."

"कुठे? खिंडीत?"

माझे अब्बा सत्तावीस वर्षं ट्रकवर होते. मिरजेहून हळद, बेदाणा भरून इंदूर, दिल्ली, कधी कलकत्ता. पंधरा-वीस दिवसांच्या फेरीला त्यांची एकच कापडी पिशवी असे. दोन खाकी पँटी, दोन सुती शर्ट, एक लोकरी स्वेटर, चौकड्याचा मोठा रुमाल आणि दोन लुंग्या. सीटमागे एक घोंगडी. बस्स.

लुंगी म्हणजे दोन मीटर कापड, टोकं जोडून शिवलेलं. ढाब्याच्या हौदावर आंघोळ करताना तीच आडोसा आणि तोच टॉवेल. रात्री डास असले की डोक्यापासून पायापर्यंत खोळ. दुसरी लुंगी नमाजसाठी, वेगळ्या घडीत. तिला ग्रीसचा हात लागू द्यायचे नाहीत. जुनी झाली की फाडून काच पुसायला. ज्याला आज दुकानदार 'मल्टिपर्पज' म्हणून विकतात, ते हेच.

पण लुंगीवाल्याला इज्जत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातून बातमी आली होती की लुंगी-बनियनवर ट्रक चालवणाऱ्याला दोन हजार रुपये दंड होणार. आमच्या घरात ती बातमी मोठ्याने वाचली गेली. अब्बा म्हणाले, बरोबर आहे, पायाखाली पेडल असताना लुंगी नको. ते स्वतः चालवताना पँटच घालत. मलाही ते पटतं. मात्र ड्रायव्हर लुंगी का नेसतो, हे त्या बातमीत कुणी विचारलं नव्हतं. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून नऊ-दहा तास काढा, मग कळेल. मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती २०२५ मध्ये, तीही नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. त्याआधीच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यातली माणसं आपल्या कपड्यानेच उन्हाशी लढतायत. कपडा हा त्यांचा शौक नाही.

भाच्याला मी लुंगी नेसून लेहला जा म्हणालो नाही. त्याला एवढंच सांगितलं की कपडा घेताना तीन गोष्टी बघ: भिजल्यावर काय होतं, फाटल्यावर कोण शिवेल आणि एकाच कामाचा आहे की चार.

भिजण्याचं मी स्वतः भोगलंय. एका जुलैत कोल्हापूरहून रत्नागिरीला मोटारसायकलने निघालो, अंगात जीन्स आणि सुती टी-शर्ट. आंबा घाटात असा भिजलो की साखरप्याला उतरल्यावर हाताला चहाचा ग्लास धरवेना. बोटं ब्रेकवर नीट वळत नव्हती आणि तसाच मी घाट उतरलो होतो, हे नंतर लक्षात आलं. जीन्स दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलीच. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब खातं. मे महिन्यात तीच गोष्ट सुख देते, घाटात ती जिवावर येते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पिऊनही गार लागत नाही. धनगर भर पावसात मेंढरांमागे घोंगडीची खोळ घेऊन उभा राहतो तो उगाच नाही. टेरिकॉट, पॉलिस्टर लवकर वाळतं, पण सायलेन्सरला टेकलं की वितळून कातडीला चिकटतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर कापडाआधी शिवण बघावी. पँट फाटते ती खिशाच्या कोपऱ्याला नाहीतर दोन पायांच्या सांध्यात. अमेरिकेतल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने मजुरांच्या पँटींना नेमक्या तिथेच तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या आणि १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. शिंप्याचीच अक्कल ती, कंपनीची नव्हे.

शेवटी भाच्याची यादी अशी झाली: एक जाड, ढगळ पँट, वर चढवायला रेनकोटाची वेगळी पँट. पातळ लोकरी बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. तांगलांग ला सतरा हजार फुटांच्या वर आहे, खाली मनालीत घाम येतो. एकच जाडजूड जाकीट घेतलं की दोन्हीकडे हाल. रंग काळा नको, रात्री ट्रकवाल्याला दिसला पाहिजेस. सुई, जाड दोरा, दोन मोठ्या सेफ्टी पिना. आणि अब्बांचा चौकड्याचा रुमाल, धुळीला.

सगळं मिळून खर्च त्या एका पँटीपेक्षा फार कमी झाला नाही, हे कबूल करतो. चांगली लोकर महाग आहे. पँट गल्लीतल्या शिंप्याकडे दिलीय, आतून चोरखिसा आणि दुहेरी शिवण मारायला. बहीण मात्र माझ्यावर नाराज आहे. तिला वाटत होतं, मी त्याला जाऊच नको म्हणून सांगेन.