मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही? थांबायचं की तपासायचं?

'याचे बाबाही उशिराच बोलले होते, बोलेल हळूहळू.' नागपुरातल्या अनेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. काही मुलं खरंच थोडी उशिरा बोलतात. पण काहींना नीट ऐकूच येत नसतं आणि वाट पाहण्यात मोलाचा काळ निघून जातो.

घाई कशासाठी?

मूल बोलण्याआधी ऐकतं, बघतं, चाचपून पाहतं. म्हणून बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान ३ महिन्यांपर्यंत आणि उपचार ६ महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, असा जगभरातल्या तज्ज्ञांचा आग्रह आहे.

घरात मराठी, बाहेर हिंदी. म्हणून उशीर होतो का?

नाही. नागपुरात हा समज बराच आहे, पण दोन भाषा कानावर पडल्याने मुलाच्या बोलण्यात दोष निर्माण होत नाही.

सरकारी सोय काय?

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. आरोग्य पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. २०२४ मध्ये केंद्राने ३ वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला. त्यात वयानुसार १४० खेळ आणि कृती आहेत.

मग अडतं कुठे?

पूर्व-प्राथमिक शिक्षणासाठी मुलं अंगणवाडीत येतात ती ३ वर्षांनंतर. त्याआधी अनेक घरांचा संबंध पोषण आहाराच्या पाकिटापुरताच असतो. म्हणजे 'नवचेतना' बाळापर्यंत पोहोचवायची तर सेविकेला घरोघरी जावं लागणार. पोषणाच्या नोंदी, सर्वेक्षणं यांचा भार तिच्यावर आधीच आहे. मानधनवाढीसाठी राज्यातल्या सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या होत्या. नवं काम देताना तिचा वेळ आणि मोबदला धरला नाही, तर आराखडा कागदावरच राहील.

घरी काय करता येईल?

महागडी खेळणी लागत नाहीत. संत्रं सोलताना साल हुंगायला द्या, फोड हातात द्या, 'आंबट' म्हणा आणि बाळाच्या उत्तरासाठी क्षणभर थांबा. मोबाइल मात्र लांब ठेवा. पहिल्या वर्षी स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बोट दाखवणं किंवा टाटा करणं यांसारख्या खुणा करत नसेल किंवा दोन वर्षांचं मूल 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासा. सगळं ठीक निघालं, तर एक चक्कर वाया गेली एवढंच.