शेवटी चढवायचे खोके

घर बदलताना गृहिणीची खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरात. कपड्यांची कपाटे दोन दिवसांत रिकामी होतात. डबे, बरण्या, पितळेची भांडी यांना मात्र पंधरवडाही अपुरा पडतो. गेल्या मार्गशीर्षात आम्ही इंदापूरचे बिऱ्हाड बारामतीस हलवले, तेव्हा याचा प्रत्यय आला.

माझ्या मते तयारी चोख होती. महिनाभर नवे धान्य भरले नव्हते. उरलेले गहू, डाळी उन्हात पाहून, चाळून, निवडूनच डब्यांत घातल्या. बंद डब्यात जीव कोंडून नेणे आपल्या आचारात बसत नाही. तुपाच्या बरण्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळल्या. काचेच्या बशा एकीवर एक न रचता उभ्या लावल्या, म्हणजे वरचा भार खालचीवर येत नाही.

चूक एकच झाली. शेगडी, तवा, पातेली, पाण्याचे गळणे आणि दशम्यांचा डबा मी आठवणीने एका खोक्यात भरला, आणि तेच खोके टेंपोत सर्वांत आधी चढले. आधी आत गेलेले शेवटी बाहेर येणार, हे ध्यानात आले नाही. अंतर पन्नासेक किलोमीटरचे. पण सामान चढवण्यातच दुपार कलली. बारामतीत ते खोके हाती लागले तेव्हा सूर्य मावळला होता. सासूबाईंचा चोविहार कित्येक वर्षांचा. नव्या शेजारणीने आपुलकीने ताट आणले, पण वेळ टळून गेली होती. पाण्याचा घोटही न घेता त्या निजल्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मला अधिकच लागले.

दुसऱ्या दिवशी नवकारसी पारल्यावर त्यांनी माहेरची आठवण सांगितली. माहेर जुन्या पळसदेवचे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. पाणी फार ओसरले की पळसनाथाच्या मंदिराचे शिखर आजही वर येते. “गाव उठले तेव्हा सारे सामान गाडीत चढले, तरी आईने चूल विझवली नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना दिवसाउजेडी जेवू घातले, मगच विस्तवावर राख ओढली. तवा, घागर आणि गळणे मात्र तिने गाडीत टाकले नाही. जवळ घेऊन बसली. अगं, घर मागाहून लागते, भूक आधी लागते.”

भगिनींनो, म्हणून एवढेच सुचवते. शेगडी, तवा, दोन पातेली, गळणे, उकळलेल्या पाण्याचे भांडे, चार ताटे आणि त्या दिवसाचा शिधा एका खोक्यात ठेवा. घरात चोविहार पाळणारे असतील, तर सामान सकाळीच निघेल असे पाहा. आणि ते खोके टेंपोत देऊ नका. आपल्या पायाशी ठेवा.