मोजा, पण यादी करू नका

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत जात विचारली जाणार, म्हणून जिकडेतिकडे वाद चालू आहे. माझा प्रश्न त्याहून अडचणीचा, आणि आमच्या पाळी गावात चारचौघांत काढता न येण्यासारखा आहे. जन्मवेळी लिहिलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, किंवा ज्यांचे मन आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ घेते, अशी माणसे आपल्यात किती, हे सरकारने विचारावे काय? माझ्या मते विचारावे.

पुष्कळ विद्यार्थी मित्रांना हा चोंबडेपणा वाटतो. "आमच्याकडे तसले कोणी नाही" असे तर गावोगाव ऐकू येते. पण हीसुद्धा एक शिरगणतीच झाली. कोणालाही न विचारता केलेली, आणि उत्तर नेहमी शून्य! खाणपट्ट्यातल्या माणसाला मोजणीचे मोल सांगावे लागू नये. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्याच्या ट्रकाची नोंद होती त्यालाच मदतीसाठी हात पुढे करता आला.

२०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला प्रथमच 'इतर' असा तिसरा पर्याय आला. देशात ४,८७,८०३ माणसे त्यात नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१, कर्नाटकात २०,२६६, आणि साडेचौदा लाख वस्तीच्या गोव्यात अवघी ३९८. या शेवटच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. प्रगणक दारात येतो, घरचा कर्ता ओसरीवर बसून सगळ्यांची माहिती सांगतो. आपल्या मुलापुढे 'इतर' लिहा म्हणणारे बाप डिचोली तालुक्यात किती निघतील? त्यावर कडी म्हणजे मुख्य तक्त्यांत ही माणसे पुन्हा पुरुषांत मिसळून टाकली. मोजायचे आणि झाकून ठेवायचे!

लैंगिक कलाविषयी तर प्रश्नच नव्हता. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण आकडा अजूनही नाही. २०१२ साली सरकारने सर्वोच्च न्यायालयात पंचवीस लाखांचा अंदाज सांगितला, तो एड्सच्या संदर्भात. म्हणजे या माणसांची आठवण सरकारला झाली ती रोगाच्या निमित्ताने.

आता खरा आक्षेप. आज मोजतील, उद्या याच कागदावरून पोलीस दारात उभा राहील. ही भीती पोकळ नाही. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हिजड्यांच्या नोंदवह्या ठेवल्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिथे मराठी आणि कानडी माणसे शेजारी नांदत, १९१९ साली तसाच कायदा झाला. तो न्यायालयाने रद्द केला २०२३ मध्ये! कर्नाटकाच्या पोलीस कायद्यातही २०११ साली असेच कलम घुसवले गेले आणि २०१६ मध्ये त्यातला तो शब्द काढावा लागला. पण नोंदवहीत नाव, पत्ता आणि संशय असतो. जनगणनेतून बाहेर पडते ती फक्त संख्या. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे ती कागदपत्रे कोणाला पाहता येत नाहीत, पुरावा म्हणून न्यायालयात चालतही नाहीत. भीती यादीची असावी, मोजणीची नव्हे.

मोजणाऱ्याचा हेतू मात्र पारखून घ्यावा. जानेवारी २०१५ मध्ये गोव्याचे युवा धोरण जाहीर झाले, त्यात अशा तरुणांचा वेगळा उल्लेख होता. इथवर ठीक. पण तेव्हाच्या मंत्रिमहोदयांनी त्यांच्यासाठी केंद्रे उघडून, औषधे देऊन त्यांना 'नॉर्मल' करण्याची भाषा केली आणि देशभर टीका झाली. ज्याला औषध पाजायचे आहे त्याला कोण खरे उत्तर देईल?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली सोळा वर्षांवरील सर्वांना हे दोन्ही प्रश्न विचारले. उत्तर ऐच्छिक होते, आणि घरच्यांना न कळवता स्वतंत्र अर्ज मागवता येत असे. ही सोय आपण जरूर उचलावी. मात्र लिंगभावाचा प्रश्न इंग्रजी कच्चे असलेल्या पुष्कळांना उमगला नसावा, अशी शंका निघाली आणि २०२४ मध्ये त्या आकड्यांचा मान्यताप्राप्त दर्जा गेला. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय होईल? सौंदत्तीच्या यल्लम्मेचा जोगप्पा स्वतःला 'इतर' म्हणवील काय? 'इतर' हे काय कोणाचे नाव आहे?

या अंकाच्या दोन्ही विभागांचे वाचक पुढे शाळामास्तर होतील, आणि प्रगणक म्हणून दारोदार फिरणारे बहुतेक मास्तरच असतात. या वेळी त्यांच्या हाती मोबाईल असेल. त्यावर मराठीत कोणता शब्द उमटावा आणि कानडीत कोणता, हे दिल्लीत ठरण्यापूर्वी जोगप्पांना, तृतीयपंथीयांना आणि आपल्याच वर्गात गप्प बसणाऱ्यांना विचारले जावे.