मूळव्याधीचा उपचार आणि बाजाराचे गणित

मूळव्याध हा चारचौघांत न बोलावयाचा विकार आहे आणि त्याच्या बाजाराचे निम्मे रहस्य या संकोचातच दडलेले आहे. स्कूटर घेणारा कारकून चार सहकाऱ्यांना विचारतो. मूळव्याधीचा रुग्ण कोणालाच विचारीत नाही. तो रस्त्यावरचा फलक वाचतो. ‘बिनटाक्यांचे’, ‘बिनवेदनेचे’, ‘लेसर’ हे शब्द त्याला धीर देतात आणि त्या धीराची किंमत त्याच्या बिलात लागते.

या फलकांवर रबरी कड्याचे नाव क्वचितच आढळते. आतील कोंबाच्या मुळाशी लहानसे कडे बसविले की रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत कोंब गळून पडतो. त्या जागी वेदनेची जाणीव अल्प असल्याने भूल लागत नाही. काम बाह्यरुग्ण विभागात आटोपते. अमेरिकन शल्यविशारद बॅरन यांनी या पद्धतीवरील आपला निबंध १९६३ साली प्रसिद्ध केला. वैद्यकसेवेच्या बाजारात विक्रेत्याजवळ ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते, हे सांगणारा केनेथ ॲरो यांचा प्रसिद्ध निबंधही त्याच वर्षीचा.

कड्याची तुलना नव्या तंत्राशी झालेली नाही असे नव्हे. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ३७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दुसरी पद्धत होती रोहिणीबंधनाची : डॉप्लर यंत्राने कोंबाकडे जाणारी रोहिणी शोधून ती टाक्याने बांधावयाची. वर्षभरात तक्रार परतण्याचे प्रमाण कड्याच्या गटात ४९ टक्के, तर रोहिणीबंधनाच्या गटात ३० टक्के निघाले. येथेच थांबणाऱ्यास निकाल लागला असे वाटेल. परंतु कडे पुन्हा बसविता येते. ती मुभा धरून हिशेब करताच ४९ चे ३७.५ टक्के झाले आणि फरक निर्णायक उरला नाही. शिवाय रोहिणीबंधनात पहिल्या आठवड्यातील वेदना अधिक. खर्चाचे तर विचारूच नये. निरोगी आयुष्याच्या एका वर्षाइतका जादा लाभ मिळविण्यास सुमारे १ लाख ४ हजार पौंड पडतील, असे गणित आले. तेथील सरकारी आरोग्यसेवा त्या काळी २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचाच खर्च रास्त मानीत असे.

त्याच वर्षी ७७७ रुग्णांच्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत स्टेपलरची शस्त्रक्रिया आरंभी कमी दुखरी ठरली. पण दोन वर्षांच्या हिशेबात जुनी, कापून काढण्याची शस्त्रक्रियाच स्वस्त आणि सरस निघाली. बाहेर आलेले मोठे कोंब कड्याने जात नाहीत, तेथे सुरीच लागते, हेही मान्य केले पाहिजे.

लेसरने कापण्यापेक्षा कमी दुखते, हा दावा सहसा खोटा नसतो. खोटी असते ती तुलना. मध्यम अवस्थेतील रुग्णापुढे लेसरचा खरा प्रतिस्पर्धी सुरी नव्हे, कडे आहे. त्यात विम्याची भर. अनेक योजना बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च देत नाहीत. साहजिकच स्वस्त उपचार रुग्णाच्या खिशातून जातो आणि महाग उपचार ‘फुकट’ भासतो!

रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे रुग्णाने स्वतः ठरवू नये. कर्करोगाची शंका तपासणीनेच फिटते. तपासणीनंतर मात्र रुग्णालयाने कोंब कोणत्या अवस्थेत आहे, त्यावरील सर्वांत स्वस्त उपचार कोणता आणि तो का नाकारला, हे केसपेपरवर लिहून देण्याची सक्ती शासनाने करावी. कड्याची सोयही तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असावी. तिला शस्त्रक्रियागृह लागत नाही.