गळाला काय लागलं?

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला प्रश्न कोणता असतो? ‘मग, वीकेंडला काय केलं?’ कुणी पिक्चर टाकलेला असतो, कुणी लोणावळा. या वेळी मी म्हणालो, ‘मासे धरायची कॉम्पिटिशन. वैजापूरला. पूर्ण सात तास!’

‘वॉव! किती मिळाले?’

‘शून्य.’

सगळे हसले. हसू द्या. स्टोरी पुढे आहे.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, टेक्सासला असतो. कोडिंग करून करून मान धरली, तेव्हा डॉक्टरने सांगितलं, एखादा छंद लावून घ्या. दादाने बास फिशिंगचा क्लब गाठला. बास म्हणजे गोड्या पाण्यातला, हिरवट अंगाचा, मोठ्ठ्या तोंडाचा मासा. गवतात दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो. अमेरिकेत त्याच्या स्पर्धा म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेट टूर्नामेंट. अलाबामातला रे स्कॉट नावाचा एक इन्शुरन्सवाला. त्याने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ जण जमवून स्पर्धा घेतली आणि तिथून हे वेड पसरलं. नियम कडक. आमिष खोटंच हवं, खरं गांडूळ चालत नाही. मासा बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचा. शेवटी पाच माशांचं वजन करायचं आणि सगळे परत पाण्यात सोडायचे.

‘परत सोडायचे? मग धरायचे कशाला?’ हा प्रश्न अण्णांचा. अण्णा म्हणजे दादाचे वडील, रिटायर्ड मास्तर, मुक्काम पोस्ट वैजापूर.

ख्रिसमसच्या सुट्टीत दादा आला, बॅगेत फोल्डिंगचा रॉड आणि रबरी बेडूक घेऊन. पण खरं काम वेगळंच होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली. अण्णा एकटे. दादाचं म्हणणं, ‘सहा महिने माझ्याकडे चला.’ अण्णांचं म्हणणं, ‘घराला कुलूप लागणार नाही.’ रोज फोनवर हेच. आता समोरासमोर हेच. मी रोटेगाव स्टेशनला उतरून घरी पोचलो, तेव्हा दोघं दोन खोल्यांत दोन पेपर वाचत बसले होते. पेपर मात्र एकच, वाटून घेतलेला.

शेवटी अण्णांनीच आयडिया काढली. ‘उद्या नारंगी धरणावर जाऊ. तू तुझा रॉड घे, मी माझी बांबूची काठी घेतो. तू जिंकलास तर येतो सहा महिने. मी जिंकलो तर विषय बंद.’

धरणातले मासे काही फुकटचे नसतात बरं का. आपल्याकडे तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देतात आणि तेच त्यात मत्स्यबीज सोडतात. म्हणून अण्णांनी आधी ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘बसा की मास्तर. थंडीत कुठं काय लागतंय!’

सकाळी आठला मॅच सुरू. अण्णांकडे तंगूस, गळ, थर्माकोलचा तुकडा आणि कणकेचा गोळा. दादाकडे तो रबरी बेडूक. इथे बास नाही, पण मरळ आहे. तोही तसाच, गवतात दबा धरणारा. दादा बेडूक फेकायचा आणि टुकटुक ओढत आणायचा. पन्नास वेळा. शंभर वेळा. पाणी ढिम्म.

‘माशाचं रक्त थंड असतं,’ दादा म्हणाला. ‘पाणी गार झालं की त्याची भूकच कमी होते.’

‘हे मी सातवीला शिकवायचो,’ अण्णा म्हणाले.

नऊ. दहा. अकरा. मोबाइल बाजूला ठेवून तासभर नुसतं पाण्याकडे बघितलंय कधी? पहिली वीस मिनिटं जीव जातो. नंतर काही वाटेनासं होतं. भाकरी-ठेचा झाला, पेरू झाला. दादाने किस्सा सांगितला. जगातला सगळ्यात मोठा बास दहा किलोचा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने धरला. त्याची बरोबरी झाली ती थेट २००९ साली, जपानच्या बिवा तलावात, मानाबू कुरिता नावाच्या माणसाकडून.

‘म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं बाकीचे सगळे आपल्यासारखेच बसले होते,’ अण्णा म्हणाले.

दादा हसला. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. आणि मग अण्णा पाण्याकडे बघतच म्हणाले, ‘त्या दिवशी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं मी. लोक म्हणाले, उशीर होतोय. मी ऐकलं त्यांचं.’

दादा तिकडून निघाला तेव्हा काकू होती. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. या विषयावर दोन वर्षांत घरात एक शब्द निघाला नव्हता.

‘मीच आधी यायला हवं होतं, अण्णा,’ दादा एवढंच म्हणाला. रीळ फिरवायचं मात्र थांबलं होतं.

तीनला दहा मिनिटं कमी असताना थर्माकोल बुडाला. अण्णांनी झटका दिला आणि वर आली तळहाताएवढी चिलापी! मी ओरडलोच. मॅच खल्लास!

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ‘तुमच्या क्लबात किती लांबीचा मासा धरतात रे?’

‘कमीत कमी बारा इंच.’

‘मग ही कसली बसतेय?’ त्यांनी गळ अलगद सोडवला आणि चिलापी पाण्यात सोडून दिली. कणकेचं आमिष चालत नाही, हे दादाने काढलं नाही. मीही नाही.

फायनल स्कोअर शून्य-शून्य.

घरी जाताना अण्णा गाडीत पुढे बसले. वैजापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, ‘तीन महिने. सहा नाही. आणि किल्ली शेजारी देऊन जायची, रोज दिवा लागला पाहिजे.’

‘चालेल,’ दादा म्हणाला.

‘आणि तिकडे कणीक चालत नसेल तर मी खेळणार नाही.’

तर दोस्तहो, सोमवारी कुणी विचारलं की वीकेंडला काय केलं, तर कधीतरी ‘शून्य’ म्हणून बघा. लोक हसतील. हसू द्या.